चष्मेवाल्यांच्या घरातला कागद

मला शाळेत सगळे पुरावाबाई म्हणतात. तोंडावर नाही, माघारी. पण माझे कान तिखट आहेत, आणि खरं सांगू? मला ते नाव आवडतं. इतिहासाच्या तासाला कुणी उठून म्हणालं, "बाई, त्या काळची माणसं फार शूर होती," की मी विचारते, "कशावरून?" "पुस्तकात दिलंय." "पुस्तक लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं?" तिथं गाडी अडते. मग मी त्या वेळचं काहीतरी हातात ठेवते. तुरुंगातून घरी आलेलं पत्र, जुन्या वर्तमानपत्राचं पान, पोलिसांचा पंचनामा. म्हणते, आपला देश कसा उभा राहिला हे माझ्या तोंडून ऐकू नका, मी तेव्हा नव्हते. जे होते त्यांना विचारा. सुरुवातीला पोरं रडकुंडीला येतात, पालक तक्रारी घेऊन येतात आणि मुख्याध्यापक मला बोलावून विचारतात, "बाई, हे परीक्षेला येणार आहे का?" मी नाही म्हणते आणि पुढच्या तासाला निघून जाते.

तर ही गोष्ट चष्मेवाल्यांच्या मुलीची. तिला वर्गात प्रश्नपत्रिका म्हणायचे, कारण ती तोंड उघडायची ते प्रश्न विचारायलाच. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. बापाचं चष्म्यांचं दुकान असून हिचा चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. एकदा मी म्हटलं, "अगं, बाबांना सांग ना घट्ट करून द्यायला!" तर म्हणे, "बाबा म्हणतात, आधी गिऱ्हाइकं."

राजधानीतल्या मोठ्या दप्तरखान्यात दरवर्षी शाळांची एक स्पर्धा होते. स्वातंत्र्याच्या लढ्यातली एखादी घटना घ्यायची आणि ती फक्त त्या काळच्या अस्सल कागदांवरून मांडायची. पाठ्यपुस्तकाचा आधार चालत नाही. परीक्षक समोर बसून उलटतपासणी घेतात. आमच्या मुख्याध्यापकांना तिथली ढाल हवी होती. शाळेच्या कपाटात आजवर एकच कप आहे, संगीत खुर्चीचा, आणि तोही शिक्षकांनी जिंकलेला. त्यामुळे त्यांची तगमग मी समजू शकते.

वर्गात विचारलं, कोण येतंय? सगळ्यात आधी हिचा हात वर. "बाई, मी छापखान्याचं घेते."

वर्ग चिडीचूप झाला.

कारण सांगते. परक्यांच्या राज्यात आमच्या गावात चोरून एक छापखाना चालायचा. सरकारविरुद्धची पत्रकं तिथं छापायची आणि मुलूखभर वाटायची. एक दिवस धाड पडली. आत सापडलेल्या सहा जणांना घोडेबाजारात भिंतीला उभं करून गोळ्या घातल्या. त्या जागेला आज सहा वीर चौक म्हणतात, आणि गावात कुणालाही पत्ता सांगायचा तर तिथूनच सुरुवात करतात. पण छापखान्यात कामाला सात जण होते. सातवा त्या दिवशी आलाच नव्हता. तो या पोरीचा पणजोबा. पाठ्यपुस्तकात त्याबद्दल एकच ओळ आहे, 'एका कामगाराच्या फितुरीमुळे छापखाना पकडला गेला.' नाव दिलेलं नाही. द्यायची गरजच नाही, गावाला पाठ आहे. चष्मेवाल्यांचं घर म्हणजे फितुराचं घर. त्यांच्या हातात कसब आहे म्हणून चष्म्याला सगळे त्यांच्याकडे जातात, पण घरी पाणी प्यायला कुणी जात नाही. दुकानाच्या पाटीवर नुसतं 'चष्मे' लिहिलंय. मालकाचं नाव लिहायचं धाडस त्यांना झालेलं नाही.

मधल्या सुट्टीत तिला बाजूला घेतलं. "दुसरं काहीतरी घे गं. रेल्वेच्या संपाचं घे, झकास कागद आहेत त्याचे."

"छापखान्याचं का नको?"

"तुझ्या घरचा मामला आहे म्हणून."

"मग मलाच कळायला नको का, बाई?"

बोला! मी घे म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी चष्मेवाले शाळेत हजर. हे गृहस्थ शाळेत कधी फिरकत नाहीत. पालकसभेलासुद्धा बायकोला पाठवतात. बगलेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. टेबलावर ठेवून त्यांनी टॉवेल उलगडला. आत काचेच्या चौकटीत एक कागद होता.

"बाई, हे घ्या. आता होऊन जाऊ द्या एकदाचं."

कागदावर मजकूर जेमतेम चार ओळींचा. 'समितीच्या आज्ञेवरून आपण आजच निरोप घेऊन बाहेरगावी निघावे. पुन्हा बोलावणे येईपर्यंत छापखान्याकडे फिरकू नये.' वर पत्ता, तारीख धाडीच्या आदल्या दिवसाची, खाली समितीच्या चिटणिसांची सही. समिती म्हणजे हा छापखाना चालवणारी गुप्त मंडळी. मी वाचलं, परत वाचलं, आणि अंगावर सरसरून काटा आला. म्हणजे हा माणूस धाडीच्या दिवशी गायब होता तो पोलिसांना सामील होता म्हणून नव्हे, समितीनंच त्याला कामगिरीवर धाडलं होतं म्हणून!

"अहो, मग इतकी वर्षं हे घरात दडवून का ठेवलंत? चौकात नेऊन लावायचं!"

"लोक काय म्हणतील ते तुम्हाला ठाऊक नाही का?" असं म्हणून ते स्वतःचा चष्मा काढून पुसत बसले. तो आधीच लख्ख होता.

मग आमच्या सुट्ट्या दप्तरखान्यात जाऊ लागल्या. तिथला कारकून म्हणजे एक वल्ली. शाईचं पेन दिसलं की वाघ दिसल्यासारखा ओरडायचा. फक्त पेन्सिल, हात धुऊन, कोरडे करून, आणि गठ्ठा सोडताना नाडी ओढायची नाही. पोरीला ते सगळं इतकं आवडलं की विचारू नका. पहिल्यांदा तिच्यासमोर त्या धाडीचा पंचनामा आला तेव्हा ती वाचायचंच विसरली. नुसतं बोटाच्या टोकानं कडेला शिवून म्हणाली, "बाई, हा कागद त्या खोलीत होता."

पंचनाम्यात लिहिलं होतं, 'खात्रीलायक बातमी मिळाल्यावरून धाड घातली.' बातमी कुणी दिली? नाव नाही. पोलिसांची सगळी दप्तरं पालथी घातली, कुठंच नाही. मग पाठ्यपुस्तकात तो फितूर कामगार आला कुठून? ते तिनंच शोधलं. एका मोठ्या पुढाऱ्यानं म्हातारपणी आपल्या आठवणी छापल्या होत्या, त्यात ते वाक्य होतं. आणि धाडीच्या दिवशी हे पुढारी कुठं होते? दूरच्या तुरुंगात! तुरुंगाच्या हजेरीत त्यांचं नाव सापडलं तेव्हा प्रश्नपत्रिका खुर्चीवरून उठली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "अय्या! म्हणजे यांनी काहीच बघितलं नव्हतं!" कारकुनानं तिला बाहेर काढलं. मी मध्ये पडले तर मलाही काढलं.

शेवटी चिटणिसांच्या सह्या. त्यांची जुनी पत्रं दप्तरखान्यात आहेत. त्यातली सही आणि चौकटीतली सही शेजारी शेजारी ठेवून आम्ही भिंग घेऊन बघितल्या. तोच झोक, तेच शेवटचं शेपूट. अस्सल! मी कधी नव्हे ती खूश होऊन पोरीला आईस्क्रीम खायला घातलं. मुख्याध्यापकांनी तर कपाटात जागा करायला घेतली.

आणि स्पर्धा तोंडावर आलेली असताना, एका सकाळी मी गच्चीत कपडे वाळत घालत होते, तर ही जिना चढून वर. चेहरा उतरलेला, हातात त्या कागदाची नक्कल.

"काय गं? आजारी आहेस का?"

"बाई, पत्ता वाचा."

"कितीदा वाचलाय."

"मोठ्यानं वाचा ना."

मी ओली चादर खांद्यावर टाकली आणि वाचलं. समितीचं नाव, मग पत्ता. सहा वीर चौकाजवळ.

"तर? चौकाजवळच होतं ना ते..." आणि माझी जीभ अडखळली.

"बाई, त्या तारखेला ते सहा जण जिवंत होते," ती म्हणाली. "तेव्हा तो घोडेबाजार होता."

मी कठड्याला टेकले. चौकाचं नाव बदललं ते देश स्वतंत्र झाल्यावर, कितीतरी वर्षांनी. म्हणजे हा कागद त्याच्याही नंतर लिहिलेला आणि तारीख मागची घातलेली. आणि आम्ही? मी वाचला होता, मुख्याध्यापकांनी वाचला होता, त्या खडूस कारकुनानंही वाचला होता. कुणाच्याही डोळ्याला खटकलं नाही, कारण तो पत्ता आम्ही रोज सांगतो, रिक्षावाल्याला, पोस्टमनला, पाहुण्यांना. लिहिणाऱ्यानंही तसाच सवयीनं लिहून टाकला असणार. तारीख त्यानं आठवून मागची घातली आणि पत्ता मात्र हातानं आपला आजचाच लिहिला.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! त्या चिटणिसाचा राग आला, कागदाचा आला आणि सगळ्यात जास्त या पोरीचा आला. "तुला कुणी सांगितलं होतं गं पत्ता वाचत बसायला?"

"तुम्हीच, बाई."

मी तोंडात चिमटा धरला आणि चादर झटकायला लागले. ती खाली बसून चिमटे गोळा करत म्हणाली, "आणि बाई, चोरून काम करणारी माणसं असला हुकूम लिहून देतील? पकडले गेले तर?" तेही खरंच होतं. तेही मला सुचायला हवं होतं.

मुख्याध्यापकांना सांगितलं तर त्यांनी आधी कपाळावर हात मारला आणि मग पाच मिनिटांत युक्ती काढली. "पत्त्याची ओळ झाकून नक्कल काढा ना. सही खरी आहे की नाही? झालं तर!" त्यांच्या खोलीचं दार बंद होतं, तरी मी त्यांना काय म्हणाले ते शिपायानं सगळ्या शाळेत पसरवलं. मी पुन्हा सांगत बसत नाही.

खरी परीक्षा होती दुकानात. आम्ही दोघी गेलो तेव्हा चष्मेवाले कुणाच्या तरी दांडीचा बारीक स्क्रू बसवत होते. पोरीनं सगळं सांगितलं. ते मान वर न करता ऐकत होते. स्क्रू पिळून पिळून घट्ट झाला तरी पिळत होते.

"तारीख खोटी असेल," शेवटी ते म्हणाले. "मजकूर खोटा नाही."

"बाबा, म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

ते डबीत दुसरा स्क्रू शोधायला लागले.

"कागद कुणी केला, बाबा? कधी केला?"

"कुणाच्या लक्षात येणार आहे ते?"

"माझ्या आलं ना."

तेव्हा त्यांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. मला वाटलं ओरडतील, पण आवाज अगदी बारीक निघाला. "आजोबा खाली मान घालून मेले. माझा बाप तसाच गेला. मी या दुकानाच्या पाटीवर नाव घालू शकलो नाही. आमच्याकडे सगळ्या घराण्यात मिळून एक कागद आहे. तो आता भर सभेत माझ्याच मुलीनं खोटा म्हणायचा?"

"खोटा म्हणणार नाही, बाबा. जे आहे ते सांगणार."

"मग सांग. मी तिथं येणार नाही." आणि ते आतल्या खोलीत गेले. मी, जिची टकळी कधी थांबत नाही ती मी, समोरच्या चष्म्यांच्या दांड्या मिटत उभी राहिले. त्या माणसाची मला इतकी कणव आली की सगळी स्पर्धा खड्ड्यात घालावीशी वाटली.

बाहेर आल्यावर पोरीला म्हटलं, "हे बघ. तो कागद बाजूला ठेव आणि बाकीच्यावर बोल. पुढारी तुरुंगात होते, पंचनाम्यात नाव नाही, एवढं पुष्कळ झालं. तुला कुणी नावं ठेवणार नाही. नाहीतर सगळं सांग. फक्त पत्ता झाकून दाखवायचा नाही, तेवढं मला चालणार नाही."

ती रस्त्याच्या कडेनं चालत राहिली. नाक ओढत होती. मग म्हणाली, "बाजूला ठेवला तर तो परत भिंतीवरच जाणार ना, बाई? आणि बाबा परत त्याच्याकडे बघत बसणार, कुणाच्या लक्षात येईल म्हणून घाबरत. मी सांगते." जरा पुढं गेल्यावर म्हणाली, "पण त्यांनी यायला पाहिजे होतं."

आता निकालाचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव तिकडे लागायला नको. ढाल आम्हाला मिळाली नाही. दुसऱ्या कुठल्या शाळेनं टपाल संपावर फार सुरेख काम केलं होतं, ती त्यांना मिळाली आणि ती त्यांचीच होती. पाठ्यपुस्तकातली ओळही अजून तशीच आहे. मी दरवर्षी मंडळाला पत्र लिहिते आणि दरवर्षी 'आपले पत्र मिळाले' असं छापील उत्तर येतं. मी सोडणार नाहीये. पण त्या दिवशी सभागृहात जे झालं, त्यापुढे ढालीचं काय घेऊन बसलात!

सभागृह गच्च भरलं होतं. आमच्या गावातली दुसरी एक शाळाही आली होती, त्यांचे शिक्षक, पालक, सगळे. आमच्या पोरीचं नाव पुकारलं तेव्हा त्यांच्या रांगेतून कुणीतरी कुजबुजलं, "फितुराची पणती." मी मागं वळून असं बघितलं की पुढचा शब्द त्यांच्या घशातच राहिला.

ती मंचावर गेली. चष्मा नाकावर, हातात पेन्सिल. आधी पंचनामा मांडला, मग पुढाऱ्यांच्या आठवणी, मग तुरुंगाची हजेरी. एकही शब्द फुगवून बोलली नाही. मग पडद्यावर तो कागद आला, पत्त्यासकट.

"हा कागद माझ्या घरातला आहे," ती म्हणाली. "यावरून माझे पणजोबा निर्दोष ठरतात. पण याच्यावर जी तारीख आहे त्या तारखेला हा लिहिलेला नाही." आणि तिनं चौकाचं नाव दाखवलं, घोडेबाजाराचं नाव कधी बदललं तो सरकारी हुकूम दाखवला. सभागृहात खळबळ झाली. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. तिनं घसरलेला चष्मा वर सरकवला, पण थांबली नाही. "म्हणून हा कागद धाडीच्या वेळचा पुरावा म्हणून मी वापरू शकत नाही."

माझा ऊर काय भरून आला म्हणता! मी आजवर वर्गात इतकी बडबड केली, पुरावा पुरावा म्हणून कानीकपाळी ओरडले, पण हे असं करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. स्वतःच्या घराचा एकुलता एक आधार स्वतःच्या हातानं तपासायचा आणि स्वतःच नापास करायचा. आणि ती पोरगी ते करत होती, ताठ उभी राहून. ती माझी विद्यार्थिनी होती. शेजारच्या अनोळखी बाईंना मी दंडाला धरून तसं सांगितलंसुद्धा.

मुख्य परीक्षक एक म्हातारे प्राध्यापक होते, भुवयांची झाडी झालेले. ते पुढं वाकले. "मग तुमचे पणजोबा फितूर होते की नव्हते?"

"माहीत नाही, सर."

"पाठ्यपुस्तक तर सांगतं."

"पाठ्यपुस्तकालाही माहीत नाही, सर. मी निदान तसं कबूल तरी करतेय."

सगळं सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. प्राध्यापकांच्या झाडीखाली डोळे लकाकले. पण ते सोडणारे नव्हते. "ठीक. हा कागद त्या दिवसाचा नाही. पण कुठल्या तरी दिवसाचा आहे ना? सही खरी आहे म्हणता. मग तो कुणी करवून घेतला? आणि कशासाठी?"

पोरीनं खाली बघितलं. "चौकाचं नाव बदलल्यानंतर आणि चिटणीस वारायच्या आधी केलाय, एवढं सांगता येतं. बाकीचं मी घरी विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही."

"मी देतो उत्तर."

आवाज दारातून आला. सगळ्या माना वळल्या. चष्मेवाले दाराशी उभे होते, दुकानातल्याच कपड्यांत, खिशाला बारीक हत्यारं अडकवलेली. कधी आले होते देव जाणे. ते खुर्च्यांच्या मधून चालत पुढं आले, आणि आमच्या गावची ती दुसरी शाळा बसली होती तिथून जाताना त्यांची पावलं जरा अडखळली, पण ते आले.

"आपण कोण?" प्राध्यापकांनी विचारलं.

पाटीवर नाव न लावणारा माणूस तो.

"मी हिचा बाप. आणि ज्याला गाव फितूर म्हणतं, त्याचा नातू." हे त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं की मागच्या भिंतीपर्यंत पोचलं. "तो कागद माझ्या आजीनं करवून घेतला. मी तिच्याबरोबर होतो."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. आजोबांना त्या दिवशी चिटणिसांनीच बाहेरगावी धाडलं होतं, तोंडी सांगून. आजीनं दाराआडून ऐकलं होतं. आजोबा परतले तेव्हा सहाही जण गेले होते आणि त्यांच्या दाराला कुणीतरी डांबर फासलं होतं. चिटणीस पुढं मोठ्या पदावर चढले. आठवणी लिहिणारे पुढारी त्यांचे जवळचे, त्यामुळं चिटणीस काही बोलेनात. आजोबा वारल्यावर आजी उठली आणि नातवाला घेऊन चिटणिसांच्या घरी जाऊन बसली.

"ते म्हणाले, आता जुनं उकरून काय मिळायचंय, बाई? आजी काही बोलली नाही, पण उठलीही नाही. त्यांची जेवणाची वेळ झाली, घरातली माणसं आतबाहेर करायला लागली, तरी ती तशीच. शेवटी म्हणाले, बरं, लिहून देतो, पण मी असेपर्यंत बाहेर काढायचा नाही. कागद घेतला, लिहिलं. आणि मग आजीला विचारलं, तारीख कुठली घालू?"

चष्मेवाले थांबले. त्यांनी पडद्यावरच्या तारखेकडे बोट केलं.

"आजी म्हणाली, लोक आमच्याशी बोलत होते तेव्हाची घाला."

मी रडत होते. शेजारच्या अनोळखी बाईही रडत होत्या. तिघा परीक्षकांपैकी एकानं खिशातून रुमाल काढला. आणि प्रश्नपत्रिका? तिचे गाल ओले झाले होते, पण तिनं समोरचा कोरा कागद ओढला आणि पेन्सिल उचलली.

"बाबा, हे तुम्ही स्वतः ऐकलंत, की नंतर घरात कुणी सांगितलं?"

मला वाटलं, आता हा माणूस मोडणार. कुठल्या मुलीनं बापाला अशा वेळी असं विचारावं? पण ते सावरून उभे राहिले, साक्षीदार उभा राहतो तसे.

"स्वतः ऐकलं. तिचं बोट धरून उभा होतो."

"किती लहान होतात?"

"शाळेत घातलं नव्हतं अजून."

ती भरभर लिहीत गेली आणि जे लिहिलं ते, साक्ष घेतली की वाचून दाखवायची या नियमाप्रमाणे, मोठ्यानं वाचून दाखवलं. कागद कुणी करवून घेतला, कुणासमोर, तारीख मागची का घातली. शेवटी म्हणाली, "ही लहान मुलाची आठवण आहे आणि साक्षीदार घरचा आहे. म्हणून ही साक्ष जपून वापरावी."

सभागृहात कुणीतरी 'आई गं' म्हणालं. चष्मेवाल्यांनी डोळे पुसले आणि ते परीक्षकांकडे वळले. तो चेहरा मी गावात कधी पाहिला नव्हता.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "माझी मुलगी आहे ती."